दादाचा मॅप

माझी बायको रूपा गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, त्या दिवशी तिची स्कूटर दारातच उभी होती. दोन महिन्यांनी मी ती ढकलत गारखेड्यातल्या गॅरेजात नेली. तिथं तनुजा नावाची मेकॅनिक सत्यम नावाच्या पोराच्या चार चाकांच्या क्वाड बाइकला लॅपटॉप लावून, इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा मॅप तपासत होती.

"सायलेन्सर नवा, फिल्टर नवा, आन् मॅप जुनाच?"

"दादानं बसवलाय, ताई. लई भारी पळती."

"पळंल. पण वरच्या स्पीडला पेट्रोल कमी पडतंय. प्लग बघ, पांढराफटक झालाय. रविवारच्या शर्यतीत पिस्टन वितळंल."

"मग सगळीकडं वाढव."

"खालच्या स्पीडला गुदमरंल ना, बाबा. आठ हजार आरपीएमच्या वर तेवढं वाढवते."

"दादाचा मॅप पुसू नको. पिशोरहून आला की तोंड सोडंल माझ्यावर."

"पुसत नाय. वेगळा ठेवते. पण गाडी नव्यावरच पळव."

"दादाला काय सांगू?"

"सांग, त्याचा मॅप बरोबर होता. गाडी बदलली."

मग ती माझ्याकडं वळली.

"काका, तुमचं काय?"

"बॅटरी बदला."

"आरसे लई खाली वळलेत. तुमच्या उंचीला लावू?"

"राहू द्या."

बॅटरी बसली. स्कूटर आता मीच चालवतो. रूपाच्या उंचीला लावलेले आरसे अजून फिरवलेले नाहीत.