फ्रीझरचा वास

इंदिरानगरच्या बालदवाखान्यात यशश्री बाळाला मांडीवर घेऊन लसीच्या नंबरची वाट पाहत होती. शेजारी दोन अनोळखी आजीबाई, एक नाशिकच्याच आणि दुसऱ्या देवळ्याच्या, नुकत्याच झालेल्या ओळखीवर गप्पांत रमल्या होत्या.

“सोड्याच्या पाण्यानं दोनदा पुसला हो, तरी फ्रीझर उघडला की वास येतोच.”

“बंद करून ठेवला व्हता का?”

“दोन वर्षं, गच्चीवरच्या खोलीत. आत ओल राहिली असणार.”

“मंग झाकणाचं रबर बघा. त्याच्या घडीत लय घाण बसती. ते पुसा, झाकण उघडं टाकून चांगला सुकू द्या, अन् आत वाटीभर लाकडाचा कोळसा ठेवा. वास ओढून घेतो.”

“करते आजच.”

“पण मटार साठवायला एवढा आटापिटा कशाला?”

“मटार नाही हो. सुनेची रजा संपत आली. ती दूध काढून ठेवील, मी नातीला पाजीन. डॉक्टरांना विचारून घेतलंय.”

“अगं बाई! सून काय म्हनली?”

“तिला कुठं सांगितलंय? नोकरी सोडते म्हणते, आणि न्हाणीघरात नळ सोडून रडते. वास गेला की फ्रीझर उघडूनच दाखवीन.”

“कोळसा मी देते. लेकीचं घर हितंच हाय.”

नर्सनं दुसऱ्यांदा नाव पुकारलं, तेव्हा कुठे यशश्री उठली. दोन पावलं जाऊन ती मागे वळली.

“मावशी, गोठवलेलं दूध किती दिवस चालतं म्हणाले डॉक्टर?”