सहीशिवाय छपाई नाही

काका: हे काय आणलंत शर्मिलाबाई? कुणाची लग्नपत्रिका?

शर्मिला: पत्रिका नाही काका, माझ्या पगाराचं प्रूफ आहे. वाचा, दुरुस्ती असेल तर लाल पेनानं करा आणि खाली सही करा. गिऱ्हाइकांकडून घेतो तशीच.

काका: माझ्या छापखान्यात माझाच नियम मला?

शर्मिला: तुम्हीच शिकवलात. सहीशिवाय छपाई नाही.

काका: म्हणजे या खेपेला किल्ल्या आपटायचा बेत नाही?

शर्मिला: नाही.

काका: मागे काय थाट होता. ‘ठेवा तुमचं दुकान तुमच्यापाशी’ म्हणालात, जुडगा टेबलावर टाकलात आणि तरातरा निघालात. पाऊण तासानं परत हजर, कारण त्या तुमच्या घराच्या किल्ल्या.

शर्मिला: आठवतंय. भर उन्हात अप्परला घरापर्यंत चालत गेले आणि स्वतःच्याच दाराशी उभी राहिले. दुकानाची किल्ली दुसऱ्या दिवशी मीच आणून दिली, इतकी लाज वाटली.

काका: पाचशे वाढवले की मी तेव्हा.

शर्मिला: मला गप्प करायला वाढवलेत. कामाचे नव्हते ते. तीन वर्षं तेच सलतंय.

काका: हं. तो चष्मा द्या इकडे.

(काका कागद दोनदा वाचतात.)

काका: चार हजारांची वाढ.

शर्मिला: हो. आपले तपासनीस पोपटराव सोडून गेल्यापासून अक्षरांची जुळणी आणि प्रुफांची तपासणी दोन्ही मीच करते. वर्षभरात एकही पत्रिका चुकीपायी परत आलेली नाही. खाली लिहिलंय सगळं.

काका: वाचता येतं मला. महागाई, मुलीची फी, त्याचं काहीच नाही यात?

शर्मिला: ते माझं मी बघेन. तुमच्याशी बोलायचं ते कामाचं.

काका: दुसरीकडून बोलावणं आलेलं दिसतंय.

शर्मिला: आलंय, स्वारगेटच्या एका छापखान्यातून. विचारलंत म्हणून सांगितलं. मला इथंच राहायचंय.

काका: मग दोन हजारांत राहा.

शर्मिला: नाही, काका.

काका: एवढंच? आदळआपट नाही, काही नाही?

शर्मिला: मी आवाज चढवला असता तर तुम्हाला सोपं गेलं असतं.

काका: गेलं असतं खरं. अहो, पण पावसाळ्यात इथं माश्या मारत बसतो आपण, ठाऊक आहे ना?

शर्मिला: आहे. म्हणून पुढच्या महिन्यापासून तीन द्या, चौथा हजार तुळशीच्या लग्नानंतर. तारीख घालून. त्याखाली मी येणार नाही.

काका: आणखी थोडं खाली नाही येणार?

शर्मिला: नाही. आकडा तोच आहे.

काका: माझं लाल पेन कुठं गेलं?

शर्मिला: तुमच्या कानावर आहे.

काका: हं. हे बघा, आता तीन, चौथा तुळशीच्या लग्नानंतर, तारीख घातली; आणि ‘पुढच्या’ महिन्यापासूनचं ‘पुढच्या’ खोडलं, ‘याच’ केलं. ही सही.

शर्मिला: मी याच महिन्यापासून मागितलं नव्हतं.

काका: गिऱ्हाइकाची दुरुस्ती आहे. छापायची मुकाट्यानं.

शर्मिला: बरं वाटलं काका. खरंच फार बरं वाटलं.

काका: मग लागा आता कामाला. आणि उद्या सकाळी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. दुकान तुम्ही उघडा. ही घ्या.

शर्मिला: ही तीच किल्ली?

काका: तीच. तीन वर्षं खणात पडून होती. घरच्या जुडग्यात घालू नका. पुन्हा कधी रागावलात तर निदान बरोबर ती आपटा.