ड्रम सोलो आणि मामींची कॉफी

मी मेटलवाला, म्हणजे हेवी मेटल संगीताचा भक्त, हे तुम्हाला माहीतच आहे. परवा चेन्नईजवळच्या तांबरमच्या माझ्या भाड्याच्या खोलीत सत्तरच्या दशकातली माझी लाडकी रॉक रेकॉर्ड मोठ्याने लावली होती. आमच्या घरमालकीण मामी, तंजावरच्या मराठी, कर्नाटक संगीतात मुरलेल्या, तरातरा वर आल्या. म्हटलं, गेली खोली. पण त्या बसल्या आणि चक्क मांडीवर ताल धरला. मी हवेत.

तेवढ्यात ड्रम सोलो सुरू झाला, म्हणजे रेकॉर्डचा प्राणच, आणि मामी उठून चालत्या झाल्या. माझं तोंड एवढंसं झालं.

थोड्या वेळाने कॉफीचे दोन पेले घेऊन परत आल्या.

"आवडलं नाही का, मामी?"

"आवडलं की. पण आमच्या मैफलीत मृदंग एकटा वाजायला लागला की सगळे कँटीनला पळतात. गाणारा आला का परत?"