उद्यापनाची पंगत आणि दारातला हवालदार

तर मला सांगा बायांनो, पाचाच्या वर माणसं जमायची नाहीत म्हणजे काय? सोमवारांचं उद्यापन माझं, जोडप्यांना जेवू घालायचं, तेही एकाच पंगतीत, नाहीतर व्रत पुरं होत नाही... आणि ऐन पानं मांडताना दारात हवालदार!

सगळं आमच्या ह्यांच्यामुळं. सुखानं कापडाचं दुकान बघायचं की नाही? पण आम्ही घरात कन्नड बोलणारे, पेठेतली कन्नड शाळा बंद होणार म्हटल्यावर ह्यांनी पक्ष काढला, ‘कन्नड बांधव पक्ष’. पक्षनोंदणीच्या कचेरीतले साहेब म्हणाले, नावात भाषा चालत नाही, कन्नड काढा. काढलं तर उरतात नुसते बांधव, ते काय, कुठल्याही लग्नपत्रिकेत सापडतील! नोंदणी होईना, आणि नोंदणी नाही म्हणून सभेला परवानगी मिळेना. मी मनात म्हटलं, न मिळो. आणि ह्यांना सुखरूप ठेव म्हणून सोमवार धरले.

आता उद्यापनाला बोलावणार कुणाला? दीर-जाऊ, नणंद, मंद्रूपचे मावशी-काका... आणि तेवढाच ह्यांचा पक्ष! दुसरं कोण येणार होतं त्यात?

हवालदार उदयसिंह दारातूनच म्हणाले, “चनबसप्पा मालक, निवडणुकीची जमावबंदी हाय, आन तुमी सभा भरवलाव व्हय?”

ह्यांनी सांगितलं, जेवण आहे. मग हवालदार म्हणे, चार-चार बसवा. चारांत जोडपी दोन, वाढणारी मी पाचवी... कायद्यात बसतंय हो, व्रतात बसत नाही. मी हात जोडले, महादेवाची शपथ घातली, तेव्हा कुठं त्यांनी दारात खुर्ची टाकली आणि मोबाईल काढून पंगतीचं शूटिंग सुरू केलं.

आणि पंगत कशी, तर मुकी. आमच्यात जेवताना कन्नडशिवाय तोंड उघडत नाही, पण कन्नड बोललं की पक्षाचं काम धरतील, ही भीती! नणंदेला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर हो, हवी होती, ती नुसती वाटी हलवत बसली. तिचे मालक रेवणसिद्ध, त्यांना ठेच्याचा ठसका लागला, डोळ्यांतून धारा... पण ‘नीर’ म्हणून पाणी काही मागेनात.

हात धुऊन होतात न होतात तोच हवालदार उठले. “पक्ष मोडला म्हणून लिहून द्या, न्हायतर चला ठाण्यात.”

देवा... मी ह्यांच्या उपरण्याचं टोकच धरलं. म्हटलं, द्या हो लिहून, लेकरंबाळं आहेत आपल्याला. तर हे शांतपणे विचारतात, “साहेब, जो पक्ष सरकारदरबारी झालाच नाही, तो मोडू कसा?”

आता हा काय अक्कल चालवायचा वेळ आहे का? हवालदारांनी डोकं खाजवलं, ठाण्यातल्या साहेबांना फोन लावला, कितीतरी वेळ नुसतं जी जी करत राहिले. मग फोन खिशात घालून म्हणाले, “साहेब म्हणतेत, बरोबर हाय की. आदी नोंदणी करून घ्या, मग बंद करू.”

झालं! तेव्हापासून आमचे हे रोज सकाळी कचेरीच्या पायरीवर जाऊन बसतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती काढून सांगतात, मला पोलिसांनी पाठवलंय.