नकाराचा नमुना

—थे नोको, त्या खुर्चीचा एक पाय हालते, इकडं बस, स्टुलावर. साहेब जेवाले गेले, तीन वाजेलोक काही येत नाहीत. अन् आधी डोळे पूस बरं. पदोन्नतीचा आदेश हातात घेऊन असं तोंड करते का कोनी, धम्मदीपा? बाहेर बाकावरचा तो मानूस पाहून राह्यला, त्याले वाटन हिले निलंबित केलं. — कारंजा? हाव, वाचलं ना मी. माह्याच टेबलावरून गेला तो कागद, आवक नोंदवहीत मीच चढवला. कारंजा म्हन्जे काय लंका हाय? इथून मालेगावातून सकाळची बस धरली, शेलूबाजारले गाडी बदलली, का दोन तासात पोचली. पन ते जाऊ दे. तू कायले आली ते मले मालूम हाय. नमुना पाहिजे तुले. पाच वाजेच्या आत साहेबाले लिहून देनं हाय का मले पदोन्नती नोको, अन् ते कसं लिहाव हे समजून नाही राह्यलं. बराबर?

समद्या हापिसाले ठाऊक हाय — चहा घ्यावा तर टपरीवरचा अन् नकार द्यावा तर राखी मॅडमच्या हातचा. आठ पत्रं गेली माह्या हातून वरच्या हापिसात, एक बी परत आलं नाही. सहा दुसऱ्यांची, दोन माही. कोनाच्या सासूले लकवा, कोनाच्या पोराची दहावी, कोनाच्या नवऱ्याले हाटेलची भाकर पचत नाही — समद्यावर एकच औषध, 'कौटुंबिक अडचण'. बायाच आल्या समद्या. नाही, एक मानूस बी आलता, धरमसिंग. त्याच्या इथं सात म्हशी होत्या, दूध कोन काढन? त्याच्या पत्रात बी मी कौटुंबिक अडचणच टाकली. वरून मंजूर होऊन आलं! म्हशी कुटुंबात बसल्या, सांग आता. अन् एक शबूद कधी सोडू नोको — 'स्वखुशीने'. सदर नकार मी स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय देत आहे. तो नसला तर पत्र वापस येते. डोळ्यातून पानी गळून राह्यलं तरी चालते, पन कागदावर खुशी पाहिजे.

काय म्हने लखन? तुह्या मनानं कर? — हं. हे नवरे लय हुशार असतेत. नाही म्हनत नाहीत. नाही म्हनलं तर उद्या बायको म्हनन तुमीच आडवलं. म्हनून 'तुह्या मनानं कर' म्हनाचं अन् पोरीले कडेवर घेऊन अंगनात जाऊन उभं राह्यचं, अशा जागी का आपल्याले खिडकीतून बराबर दिसलं पाहिजे. आमच्या इंद्रभानजीनं बी तेच केलं. निकिता चार वर्षाची होती तवा, पहिला आदेश आला माहा. मेडशीले त्याहीचं बियान्याचं दुकान, शेती, बुढी घरात. मी आदेश दाखवला तर म्हने, चांगलं हाय ना, तू पाह्य बा. एवढं बोलले अन् निकिताची वेनी घालाले बसले. जन्मात कधी हातात फनी नाही धरली त्या मानसानं! अशी वेनी घातली, अशी वेनी घातली, का पोट्टी दिसे भिजल्या कोंबडीवानी. मी ते पाह्यलं, अन् दुसऱ्या दिवशी नकार दिला. झाली स्वखुशी.

अन् मंग हापिसात काय कौतुक! तवाचे साहेब म्हने, मॅडम, तुमी गेल्या असत्या तर आमचं कसं झालं असतं, तुमच्याशिवाय हे हापीस चालतच नाही. मी हासली. चालत नाही म्हन्तेत, चालवाले कोनी देत नाही! वरून तपासनी आली का मॅडम पाहिजे, जुनी फाईल सापडत नाही का मॅडम पाहिजे, अन् मीटिंग असली का मॅडम, जरा चहाचं पाह्यता का. यंदाच्या महिला दिनाले काय झालं, होतीच ना तू? आपला सत्कार होता. आपल्याच सत्काराची रांगोळी आपन काढली, सकाळी आठ वाजता येऊन. नाश्त्याचा उपमा आपन केला. गुलाब त्या पलीकडच्या टेबलावरच्या हरीओमनं वाटले. अन् भाषन कोनाचं? हरीओमचं. 'स्त्री ही शक्ती आहे.' आहे ना बाबू, तुह्या समद्या टिपन्या तीच शक्ती लिहून देते, नाही तर तुले अजून 'सादर' कुठं लिहाव अन् 'विनंती' कुठं लिहाव हे कळत नाही. आला तवा फायलीले पाननंबर द्याचा तर ह्यानं उलटा दिला, शेवटच्या पानावर एक. मी शिकवलं त्याले, हात धरून. आयत्या बिळावर नागोबा.

— नाही व, मी जळत नाही त्याच्यावर. कायले जळू? सांगतो तुले, मले काही हौस नव्हती खुर्चीची. दुसऱ्या वेळी आदेश आला, तो बी कारंज्याचाच, तवा तर सवालच नव्हता. बुढीचे गुडघे गेलते. चतुराबाई, माही सासू — तुले मालूम हाय ना, हापिसात मी सांगतच होती तवा, उठता येत नाही, बसता येत नाही, माह्याबिगर घोटभर पानी कोनी देत नाही. अशा मानसाले टाकून कशी जाऊ? पत्रात बी तेच लिहिलं. समदे हळहळले. अशी सून भेटाले नशीब लागते म्हने.

आता नशीब बुढीचं का माहं — काय? — हाव, तिचे गुडघे दुखे. दुखेच. पन त्याच साली इळा घेऊन तूर सोंगाले गेलती ना ती वावरात! चार दिवस! दुखनं म्हन्जे काय लंगडं होनं नव्हे, धम्मदीपा. तिनं तर — जाऊ दे. — नाही, काही नाही. — अव, तिनं बोरी भरली होती. कारंज्याच्या खोलीसाठी. छोटा ग्यास, तवा, दोन ताटं, भाताचा एक गंज, मिरचीपूड, कुरडया, मुंगाच्या वड्या, समदं पोत्यात बांधून दारात ठेवलं. अन् मले म्हने, जाय व राखी, मी हावो ना पोरीले, मी पाहतो. आमच्या टायमाले कोनी जाय म्हनलं नाही, तुले म्हनून राह्यले तर जाय. निरक्षर बाई! अंगठा लावे. ती बोरी पाहून मी सकाळी घरून निघाली, हापिसात आली, अन् नकार देऊन मोकळी झाली. सांजच्याले घरी गेली तर ती दारातच. काय झालं? मी म्हनलं, साहेबानं जाऊ नाही दिलं.

साहेबानं! तो बिचारा त्या दिवशी सुट्टीवर होता. — हास, हास. मी बी हासतो कधी कधी. बुढी त्या साहेबाले मरेलोक शिव्या देत राह्यली. येनाऱ्या-जानाऱ्याले सांगे, माह्या सुनेचं चांगलं पाह्यवलं नाही मुडद्याले. दोन वर्षं झाले तिले जाऊन. मी एकदा बी नाही सांगितलं का आई, मुडदा तुह्या घरातच हाय, तुह्या हातची भाकर खाऊन राह्यला.

काहून म्हन्जे? भेव लागलं मले. आता काय लपवू. कारंज्याले चार माणसं हाताखाली, चारी पुरुष. तिथं मले 'मॅडमशिवाय चालत नाही' कोन म्हनन? इथं चुकलं तर हरीओमचं चुकते, मी फक्त लिहून दिलेलं असते. तिथं सही माही. चुकली तर नोटीस माह्या नावानं. त्यापेक्षा इथं बरं हाय — चूक बी दुसऱ्याची, खुर्ची बी दुसऱ्याची, अन् कुरकुर करायचा हक तेवढा माहा. तेरा वर्षं मी हे टेबल वाजवून सांगितलं का मले पुढं जाऊ नाही दिलं. नवऱ्यानं नाही दिलं, पोरीनं नाही दिलं, बुढीनं नाही दिलं, साहेबानं नाही दिलं. अन् खरं सांगू का, दरवाजा उघडाच होता व. मीच उंबऱ्यावर बसून राह्यली अन् वारा लागते म्हनून बोंबलली.

आता तू म्हनशील, राखीताई हे मले कायले सांगून राह्यली. — म्हन ना. पन त्याच्या आधी हे पाह्य, हा टाईप केलेला कागद. वाच. नाव वाच वरचं. हाव, तुह्यंच हाय. आज सकाळीच काढून ठेवला, आदेश आवकमंदी चढवला अन् लगेच. मले माहीत होतं तू येशील. कारन, कौटुंबिक अडचण, पोरगी अडीच वर्षाची, स्वखुशीने, समदं हाय. फक्त सही बाकी. कायले केलं विचार ना. दया आली म्हनून? पदोन्नतीच्या यादीत तुह्याखाली कोनाचं नाव हाय ठाऊक हाय? माहं. तू नऊ वर्षं मांगून आली, पन मी दोनदा नकार दिला म्हनून माहं नाव घसरत घसरत तुह्याखाली येऊन बसलं. तू आज सही केली का नंबर माहा लागते. सकाळपासून वाट पाहून राह्यली तुही. हे तुले सांगाचं नव्हतं, पन निघून गेलं तोंडातून.

— थांब, उठू नोको. रागावशील मंग. आधी एक सांग मले. तुले इकडं कोनं पाठवलं? तुह्याच मनानं आली? — कोन? हरीओम? तो म्हने का राखी मॅडमकडं जाय, नमुना तयार असते?

अस्सं.

बस बस. आता मले समजलं. मघा हरीओम कारंज्याच्या कोन्या पाहुन्याले फोनवर विचारे, स्टँडच्या जवळ खोली भेटन का. मी म्हनलं असन कोनासाठी. यादीत माह्याखाली कोन हाय, सांग? हरीओम. तुही सही घेतली का नंबर माहा, अन् माहा नंबर आला का — त्याले पक्कं ठाऊक हाय मी काय करीन ते. आठ पत्रं त्यानं बी पाह्यली ना माह्या हातची. फायलीचा नंबर उलटा देनारा, पन मानसं बराबर सुलटी वाचली त्यानं. दोन बायांच्या खुशीवर खोली पाहून राह्यला.

नाही, मी ह्या वेळी — मी ह्या वेळी गेलीच असती. बुढी नाही आता. इंद्रभानजी काही म्हनत नाहीत. निकिता तर म्हन्ते, आई, तू जाय ना, घरात सारखी हापिसाचं गाऱ्हानं सांगते, मले अभ्यास करू देत नाही. बारावी हाय ना तिची यंदा. बारावी म्हन्जे काय, तुले कळन पुढं, पोरीचं खानंपिनं, शिकवनीले सोडनं, फार्म भरनं, अशा टायमाले आईनं घर सोडून —

हे पाह्य. हे. ह्या कागदाच्या खालचा कागद पाह्य. — वाच ना, लाजू नोको. हाव, माहा हाय. सकाळी तुह्यं टाईप केलं अन् त्याच्याच खाली हात आपोआप चालला. 'कन्या बारावीस असल्याने.' मले कोनी अजून आदेश दिला नाही, कोनी विचारलं बी नाही, अन् माहा नकार तयार! तारखेची जागा तेवढी रिकामी ठेवली. शरम वाटून राह्यली मले, धम्मदीपा. लय शरम वाटून राह्यली.

दे इकडं तुह्यावाला. फाडत नाही मी, कागद फाडाची सवय नाही, मांगून कोरा हाय, हिशेबाले होते. साहेब येतीन आता. त्याहीले तोंडानं सांगू नोको, लिहून दे — 'हजर होत आहे', एवढंच. पोरगी रडन चार दिवस. लखनले वेनी घालता येत नसन तर शिकन, नाही तर केस कापन तिचे. तुह्या माहेरचं कोनी बोरी भरून देत असन तर घे, नाही म्हनू नोको. कसं लिहाव ते? ते मले नोको विचारू व. त्याचा नमुना नाही माह्यापाशी, मी कधी लिहिलंच नाही. तू लिही, तुह्या अक्षरात, चुकलं तर चुकलं.

माहं? माहं काय, माहा नंबर येतच नाही आता. — कायले पाहून राह्यली असं? पुढच्या वेळचं पुढच्या वेळी. जाय. जाय म्हनलं ना! अन् बाहेर हरीओम उभा असन दाराशी, त्याले म्हन, मॅडमनं आत बोलावलं, कारंज्याच्या खोलीचं विचाराचं हाय.