सरपंचबाईंची चक्कर

कल्याणहून मुरबाडला जाणाऱ्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

"सरपंचबाय, झेंडावंदनाला चक्कर येऊन पडल्या, तवापासून दिसल्याच नाय तुमी!"

"कल्याणला कानाच्या डॉक्टरकडं गेलती, धोंडूबाय."

"चक्करंला कानाचा डॉक्टर?"

"मी पण हेच इचारलं. त्यानं मला खाटेवर बसवलं, मान वळवली आन् एकदम उताणी निजवली. डोकं खाटेच्या खाली लोंबतंय आन् छप्पर गरागरा फिरतंय. तो माझ्या डोळ्यांत बघून बोलला, सापडलं."

"काय सापडलं?"

"कानात आत बारीक खडे असतात, ते जागेवरून सरकले व्हते. मंग डोकं फिरवून, मला या कुशीवरून त्या कुशीवर वळवून त्यानं ते जागेवर नेले. छप्पर थांबलं."

"आन् उपसरपंच गावभर सांगतोय, वाडीवरच्या बाईला खुर्ची झेपली नाय."

"मला पण निरोप धाडला, राजीनामा द्या, आराम करा."

"देणार?"

"उद्याच्या ग्रामसभेत देते जवाब. वाडीचा नळ मंजूर हाय, तरी पाणी का नाय, ते आधी इचारते."

"पर बसूनच बोला गो."

"बसून बोलले तर मागच्या बायांना ऐकू जाईल का? उभी ऱ्हाऊन बोलणार."

त्यांचा थांबा आला.

"हात धरू का, सरपंचबाय?"

"आज धर. उद्या नको."