साडू वाढवतो, आपण बसायचं

...अहो, पण माणसाने निदान हातातले पत्ते तरी बघावेत की नाही? वाढवा ना, खुशाल वाढवा, पण बघून वाढवा! आमचा साडू बघतच नाही. फोनवर पत्ते पडले रे पडले की याचा अंगठा 'रेज'वर, म्हणजे बोली वाढवायच्या बटणावर. दुप्पट! मी विचार करतोय तोवर तिप्पट! पोकर चाललाय दोघांतच, तो खालच्या मजल्यावर त्याच्या फोनवर, मी वरच्या मजल्यावर माझ्या फोनवर, मध्ये अख्खी फरशी, आणि त्या फरशीतूनही मला त्याचं हसणं ऐकू येतंय! मला सांगा, माणसाने गप्प बसायचं तरी किती?

तुम्ही म्हणाल, मग खेळताच कशाला? तर डाव होता गच्चीवरच्या खोलीसाठी. घर सासूबाईंचं. तळमजल्यावर त्या, पहिल्यावर धाकटी लेक आणि साडू, दुसऱ्यावर थोरली लेक आणि मी, वर गच्ची, आणि गच्चीवर एक रिकामी खोली. साडूला तिथे व्यायामाची सायकल ठेवायची होती. आणि मला... हसू नका हं... मला तिथे बसायचं होतं. नुसतं बसायचं! आम्ही पाच भावंडं एका खोलीत वाढलो, मग वसतिगृहात एका खोलीत चौघं, मग लग्न, मग दोन पोरं, आणि चष्म्यांच्या दुकानात मी दिवसभर बारीक स्क्रू पिळतो तिथे माझं टेबल नेमकं दारात. उभ्या जन्मात आतून कडी लावली ती फक्त न्हाणीघराची, आणि तीसुद्धा बाहेरून कुणीतरी खडखडवतंच! एक दार, एक कडी. फार मागत होतो का मी? खरंच सांगतो, त्या कडीसाठी जीव तुटत होता माझा.

सासूबाई म्हणाल्या, "तुमचं तुम्ही बघा बाबांनो, मला मध्ये ओढू नका." साडू लगेच, "पत्त्यांवर ठरवू की! दर रविवारी दुपारी एक सामना, पैशांऐवजी फोनमधल्या फुकटातल्या चिप्स, आधी दोन जिंकेल त्याची खोली." जुन्या गाड्यांचा दलाल तो! गंजून चाळण झालेली गाडी 'डॉक्टरांनी वापरलेली आहे, साहेब' म्हणून खपवणारा माणूस!

पहिला रविवार. माझं धोरण काय, तर चांगले पत्ते येईपर्यंत थांबायचं. हा वाढवतोय, मी पत्ते टाकून हात सोडतोय. वाढवतोय, सोडतोय. पण दोघांच्याच डावात दर हाताला थोड्या चिप्स आधीच टाकाव्या लागतात हो! त्या सगळ्या गेल्या त्याच्या घशात. मग माझं डोकं सटकलं, मीही हातात काही नसताना वाढवलं, आणि नेमक्या त्याच हाताला त्याच्याकडे तीन राण्या. तीन! मला सांगा, माणसाने गप्प बसायचं तरी किती?

मग मी लागलो अभ्यासाला. नेटवर एक टोपीवाला आहे, तो शिकवतो. आवाज असा की झोप यावी. "मित्रांनो... समोरचा आक्रस्ताळा आहे?... उत्तम! पळू नका. अंगावरही जाऊ नका. दोघांच्या डावात साधी जोडीसुद्धा मोठी असते. तो वाढवेल... वाढवू द्या. तुम्ही फक्त 'कॉल' दाबा, म्हणजे त्याच्याइतक्याच चिप्स टाका. शांतपणे म्हणा, चालेल." बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, हेच मी लग्न झाल्यापासून सांगतेय, तेव्हा नाही शिरलं डोक्यात! टोपी घालून सांगायला हवं होतं वाटतं मी." मी म्हटलं, चालेल. सराव, हो! आठवडाभर सराव. गिऱ्हाईक ओरडतंय, "ही फ्रेम वाकडीये!" चालेल. मालक म्हणतोय, "रविवारी सकाळी येशील का?" चालेल. नाही नाही, ते नको होतं म्हणायला, पण सवय!

दुसऱ्या रविवारी जिंकलो. पण कसा, तर घासत घासत. नव्व्यांच्या जोडीवर चालेल, अठ्ठ्यांवर चालेल, हा हवेत वाढवतोय आणि उताणा पडतोय. पण गंमत बघा, मला खरंच तगडे पत्ते आले की हा गडी चक्क पळतो! जन्मात न सोडणारा माणूस, माझ्याकडे दोन एक्के आले की सोडतो! कॅमेरा नाही, काही नाही, याला कळतं कसं?

सोमवारी जिन्यात मेहुणी भेटली. म्हणाली, "भाऊजी, रविवारी जरा अनवाणी फिरत जा हो. तुमच्या चपला वाजायला लागल्या की हे मला टीव्ही बंद करायला लावतात. 'चूप! वर चांगले पत्ते आलेत!' म्हणतात."

चपला!! अहो, मला पत्ते लागले की बसवतच नाही. उठतो. येरझाऱ्या घालतो. आणि खाली हा छताकडे कान लावून बसलेला!

तिसरा रविवार. वाईट पत्ते आले की मी मुद्दाम उठायचो, फटाक फटाक चालायचो, आणि खाली साडू पळायचा. वा! पण चांगले पत्ते आल्यावर बसायचं होतं ना... तेच तर अवघड! दोन राजे आले. पाय आपोआप उठायला लागले. बायकोला खूण केली, तिने दहा किलोची तांदळाची पिशवी आणून मांडीवर ठेवली आणि वर स्वतः टेकून उभी राहिली. साडू वाढवतोय. चालेल. परत वाढवतोय. चालेल. पायाला मुंग्या, कपाळावर घाम, चालेल! शेवटी त्याने होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. चालेल!!! पत्ते उघडले, तर त्याच्याकडे सत्ती आणि दुर्री. सत्ती आणि दुर्री घेऊन माझी कडी मागत होता!

जिंकलो हो! खुर्ची घेऊन वर गेलो, दार लावलं, कडी लावली. काय शांतता... डोळे भरून आले माझे. तेवढ्यात टक टक. सासूबाई. "जावईबापू, खोली तुमचीच हो. मी आपलं शिलाई मशीन तेवढं कोपऱ्यात ठेवते." आणि तोंडातून काय निघालं? चालेल! मागून मेहुणी, "भाऊजी, दुपारच्या शिकवणीची पोरं बसवू ना? सात-आठच आहेत." चालेल! मग बायको, हातात दोऱ्या घेऊन, "कपडे वाळत टाकायला बरी आहे, नाही?" अहो, एकेक जण वाढवतंय, वाढवतंय, आणि माझ्याकडे दुसरं बटणच राहिलं नाही! मला सांगा, माणसाने गप्प बसायचं तरी किती?

आता मी जिन्यात बसतो. साडूही तिथेच असतो, कारण त्याची सायकल त्याच्या घरात ठेवली आणि त्यालाच बसायला जागा उरली नाही. वरच्या पायरीवर जरा वारा येतो, तर ती पायरी कुणाची, यावर सध्या डाव चाललाय. आणि तुम्हाला सांगतो... मी हरतोय.